भाद्रपदाचा रिलीव्हर

आमच्या शेजारच्या दिगूअण्णांनी झाडांच्या ड्यूट्या लावल्या होत्या.

हे मी थट्टेनं म्हणत नाही. त्यांच्या ओसरीवर स्टेशनातून मोडीत निघालेला एक काळा फळा टांगलेला होता. त्यावर एका बाजूला चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने आणि प्रत्येक महिन्यासमोर झाडांची नावं. चैत्रात वड. वैशाखात करवंद, त्याच्या मदतीला आंबा. ज्येष्ठात जांभूळ. पौषात बोर. सकाळी अंघोळ उरकली की अण्णा हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभे राहत आणि आज कामावर कोण आहे ते खणखणीत आवाजात वाचत. "जांभूळ, हजर! भोकर, हजर! वड, आज रेस्ट!" ऐकायला समोर कोणी नसे. एखाद्या झाडानं फळायला उशीर केला की त्याच्या नावापुढे 'लेट' असा शेरा पडे. कुंपणाजवळच्या एका आवळ्याला तर त्यांनी सलग दोन हंगाम 'सिक' दाखवलं होतं.

मी बदलीवर लोणावळ्याच्या टपाल कचेरीत आलो आणि त्यांच्या शेजारचं घर भाड्यानं घेतलं, तेव्हा पहिल्याच सकाळी ही हजेरी ऐकली. बायकोला म्हटलं, "शेजारी मास्तर राहतात वाटतं. मुलांची नावं घेताहेत." तिनं कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि आत येऊन सांगितलं, "मुलं एकही नाही. आणि भोकर नावाचा मुलगा कोणाच्या घरात असतो हो?"

अण्णा रेल्वेतून पेन्शनीत निघालेले. सुरुवातीला घाटातल्या एका केबिनीत सिग्नलचे खटके ओढले, मग लोणावळा स्टेशनात ड्यूटी लावणारे कारकून झाले. घाट चढायचा म्हणजे गाडीला मागून इंजिन लागतं, त्याला ड्रायव्हर लागतो, फायरमन लागतो, आणि एकाची पाळी संपली की त्याच्या जागी उभा राहायला दुसरा लागतो. हा दुसरा म्हणजे रिलीव्हर. अण्णांनी आयुष्यभर रिलीव्हर शोधले. पेन्शन झाल्यावर माणसं गेली, सवय राहिली. ती त्यांनी मागच्या टेकडीला लावली.

ही टेकडी आमच्या दोघांच्या परसदारापासून शंभर पावलांवर. कोळसा पाडणाऱ्यांनी ती कधीकाळी साफ भादरलेली. अण्णांनी तिच्यावर झाडं लावायला घेतली ती स्वतःला फळं मिळावीत म्हणून नव्हे. त्यातलं एक बोरही त्यांनी घरी आणलेलं मी पाहिलं नाही. ही सगळी सोय पॅसेंजरांची होती. पॅसेंजर म्हणजे वानरं. शेकरू हा फर्स्टक्लासचा पॅसेंजर, कारण तो जमिनीला पाय लावत नाही. वटवाघळं ही नाइट मेल. मुंग्या आणि किडे थर्डक्लास, पण त्यांच्यावाचून रेल्वे चालत नाही असं अण्णा आवर्जून सांगत. "पॅसेंजर उपाशी जाता कामा नये," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून पाच वेळा तरी ऐकत असे. मी आजारी असताना ते समाचाराला आले, तेव्हाही निघताना हेच म्हणाले. मला ते जरा लागलं, कारण डॉक्टरांनी मला लंघन सांगितलं होतं.

अण्णांना रोपं मिळत ती गावातल्या भिंतींतून. लोणावळ्याच्या पावसात भिंतीला फट पडायचा अवकाश, पाखरं त्यात उंबर पेरून मोकळी होतात. उंबर म्हणजे दत्ताचं झाड, ते उपटायचं पाप कोण डोक्यावर घेणार? मग भिंत फुगत जाते आणि मालक हात जोडून बघत बसतो. अशा वेळी अण्णांना बोलावणं येई. अण्णा स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन निघत. भिंतीसमोर उभे राहून आधी रोपाला सांगत, "चला, तुमची बदली झालीय." मग अर्धा अर्धा तास चुना कोरून, एकही मूळ न तोडता, रोप बाहेर काढत आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून टेकडीवर नेऊन लावत. झाड मेलं नाही म्हणून पाप नाही, आणि भिंतही वाचली. मालक खूष होई. नाखूष एकच माणूस होतं, ते म्हणजे अण्णांची बायको. सरूकाकू म्हणत, "गावाच्या भिंती शाबूत राहिल्या, पण माझ्या घरात थालीपीठ उलटायला काही शिल्लक नाही."

भिंतीतली रोपं कमी पडली की अण्णा बियांकडे वळत. पण उंबराचं बी हातानं पेरून येत नाही, ते आधी पॅसेंजराच्या पोटातून जावं लागतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे ते पाखरांची आणि वानरांची शिट आणि लेंड्या एका पितळी डब्यात गोळा करत. दुसऱ्या तशाच डब्यात काकू त्यांना न्याहारी बांधून देत. एकदा स्टेशनाच्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. अण्णा म्हणाले, "घ्या हो, हिनं खास तुमच्यासाठी दिलंय," आणि झाकण उघडलं. मी पुढे केलेला हात कसा मागे घेतला ते माझं मला ठाऊक. अण्णा मात्र डब्यात पाहून प्रसन्न झाले. म्हणाले, "वा! हे मी घरी विसरलो असंच समजत होतो."

तर असा हा फळा. त्यावर अकरा महिन्यांसमोर नावं होती. भाद्रपदासमोर काही नव्हतं.

श्रावणात नांदुरकी कशीबशी गाडं ओढायची, आश्विनात पायर रुजू व्हायची, मधला महिना कोरा. टेकडीवरचे भिंतीतून आणलेले सगळे उंबर आषाढात जे थांबत ते कार्तिकाशिवाय पुन्हा धरत नसत. अण्णा खडू घेऊन त्या कोऱ्या जागेपुढे येत आणि त्यांचा खणखणीत आवाज बसे. "भाद्रपद," ते म्हणत, "रिलीव्हर नाही." आणि खडू ठेवून देत.

पहिले एक-दोन महिने मला या भाद्रपदाशी काही देणंघेणं नव्हतं. मग प्रत्यक्ष भाद्रपद आला. टेकडीवर खायला काही नाही म्हटल्यावर अण्णांचे पॅसेंजर खाली उतरले, ते थेट माझ्या कौलांवर. माझा स्वभाव तसा गरीब आहे, पण कौलांच्या बाबतीत नाही. लोणावळ्याच्या पावसात कौल फुटणं म्हणजे काय ते पुण्याच्या माणसाला कळणार नाही. त्यात गणपती बसलेले. नैवेद्याचं ताट पुढे ठेवून बायको तूप आणायला आत गेली. तेवढ्यात खिडकीतून एक हुप्प्या आला, गणपतीसमोर मांडी ठोकून बसला आणि शांतपणे मोदक खाऊ लागला. मी आरडाओरडा केला तेव्हा उरलेले दोन हातांत घेऊन तो छपरावर गेला आणि जाताना बरोब्बर देवाच्या डोक्यावरची सात कौलं फोडून गेला. आरती संपेपर्यंत मी गणपतीवर छत्री धरून उभा होतो. बायको आरती म्हणत होती आणि माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

आरती संपताच मी तरातरा अण्णांकडे गेलो. "अण्णा, तुमचे पॅसेंजर माझ्या घरात उतरले!"

"स्टेशन चुकलं त्यांचं," अण्णा खाल मानेनं म्हणाले. "पण त्यांना बोलू नका. आपल्याकडे त्या महिन्यात गाडीच नाही."

माझा राग अर्धा तिथेच उतरला. उरलेला अर्धा, हा साठीचा माणूस भर पावसात शिडी लावून माझ्या छपरावर चढला तेव्हा उतरला. मी खालून कौलं देत होतो, ते वर बसवत होते. सातवं कौल बसवून झाल्यावरही ते खाली येईनात. टेकडीकडे बघत बसले.

"भाद्रपद भरला पाहिजे," ते म्हणाले. "भाद्रपद भरला की ही पण येईल वर."

"कोण ही?"

"ही हो. आमची."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सरूकाकूंना मी टेकडीवर कधीच पाहिलं नव्हतं. पुढे बायकोनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, पहिलं झाड लागल्यापासून काकूंनी परसदारच्या कुंपणापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. अण्णा रोज संध्याकाळी वर जाताना स्वयंपाकघराच्या दारात थांबत आणि विचारत, "येतेस का?" आतून उत्तर येई, "भाजी जळेल." अण्णा एकटेच जात. मला वाटे, नवऱ्याच्या वेडाला बाई विटलेली आहे. कोणीही विटलं असतं.

पण त्या दिवसापासून अण्णांचा रिकामा भाद्रपद मीही डोक्यात घेतला. त्यांना काकू वर यायला हव्या होत्या आणि मला वानरं खाली यायला नको होती. दोघांचं औषध एकच होतं. टपाल कचेरीच्या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक खेडुताला मी विचारू लागलो, "काय हो, तुमच्याकडे भादव्यात फळणारा उंबर आहे का?" काहींनी पोस्टमास्तरांकडे माझी चौकशी केली. आणि एक दिवस बेडशाचा एक गडी म्हणाला, "हाय की. आमच्या तान्हूबाईच्या बांधावर. भादवा लागला का लाल भडक हुतोय. समदी वानरं तितंच आसत्यात, म्हून गावात येकाचं बी कौल फुटत न्हाई."

शेवटचं वाक्य ऐकून मी रजेचा अर्ज लिहिला. अण्णा आणि मी पॅसेंजर गाडीनं कामशेतला उतरलो आणि चिखल तुडवत बेडशाला पोचलो. लेण्यांच्या डोंगराखाली भाताची खाचरं आणि त्यांच्या बांधावर तो उंबर. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत लाल घड लगडलेले, वर वानरांचं सगळं खानदान. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. एवढ्या आदरानं ते मोठ्या साहेबापुढेही उभे राहिले नसतील.

तान्हूबाई खाचरातून वर आली. पन्नाशीची, काटक, कोपरापर्यंत चिखल.

"मावशी, या झाडाची एक फांदी हवी होती," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे भाद्रपदाला माणूस नाही."

तान्हूबाईनं माझ्याकडे पाहिलं. "ह्ये काय म्हनत्यात?"

मी तिला फळा, पॅसेंजर, कौलं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि मान हलवली.

"त्ये समदं खरं आसंल. पन दत्ताच्या झाडाला कोयता लावू द्याची न्हाई मी. माज्या सासऱ्यानं लावला न्हाई, मालकानं लावला न्हाई."

"मग न्यायची कशी?"

"त्यानं आपनहून दिली तर न्या. वाऱ्यानं मोडली तर ती तुमची."

"आणि कधी देईल?"

"त्ये मला काय ठावं? मी काय झाडाच्या पोटात शिरलेय व्हय?"

दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. अण्णांनी गुरुवार धरला. दर गुरुवारी ते बेडशाला जात, उंबराखाली बसत आणि संध्याकाळी रिकाम्या हातानं परत येत. झाडाला ते काही बोलत का, असं मी तान्हूबाईला पुढे विचारलं. ती म्हणाली, "बोलत न्हवतं. नुसतं वर बगत बसायचं. मला वाटायचं, सोयरीक मागाया आलेला मानूस आसाच बसतो. मग मी भाकर द्याची." अण्णा जवळजवळ आठ महिने भाकरी खाऊन आले. झाडानं काटकीसुद्धा दिली नाही.

मग वैशाखात वळवाचं वादळ झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या फाटकाशी तान्हूबाई उभी. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावर ओलं गोणपाट आणि त्यात मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंचीची उंबराची फांदी. पहाटे बेडशाहून चालत निघाली होती आणि कामशेतला गाडीत बसली होती. गाडीत तिकीट तपासणाऱ्यानं हे काय म्हणून हटकलं. ती म्हणाली, "माजी लेक हाय. सासरी घालवाया चाललेय." तो म्हणाला, मग लेकीचं तिकीट काढ. तान्हूबाईनं फांदी मांडीवर घेतली. "अंगावरच्या पोराला तिकीट न्हाई लागत."

अण्णा धावतच पुढे आले आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. पण ती मागे सरली.

"पुरुषाच्या हातात न्हाई द्याची. सासू कुटं हाय?"

आता आली का पंचाईत! मी पाहिलं, गोणपाटाच्या आत फांदीला खण बांधला होता आणि त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड. बाईनं फांदीची ओटी भरून आणली होती. हाक मारल्यावर सरूकाकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. फांदीकडे पाहिलं, तान्हूबाईकडे पाहिलं. मला वाटलं, आता उलथन्यांपासून सगळा हिशेब निघणार. पण काकू आत गेल्या आणि हळदकुंकवाचा करंडा आणि भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. तुकडा ओवाळून टाकला, फांदीच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि तान्हूबाईच्या डोक्यावरून ती फांदी आपल्या खांद्यावर घेतली. तशाच परसदारी निघाल्या. आम्ही सगळे मागे. अण्णांचा चेहरा तर असा उजळला होता, की आता त्या थेट टेकडीवर जाणार असंच त्यांना वाटलं असावं.

कुंपणापाशी काकू थांबल्या. फांदी अण्णांच्या हातात दिली आणि मागे वळल्या.

"आवो, इहीनबाई म्हागं का राह्यल्या?" तान्हूबाईनं विचारलं.

"भाजी जळेल," काकू म्हणाल्या. जेवणं होऊन तास झाला होता आणि चुलीवर काही नव्हतं.

फांदी लागली. रुजलीही. पहिल्या उन्हाळ्यात तिला पाणी घालायला मी रोज दोन बादल्या वर नेल्या. लोक म्हणत, टपालवाल्यालाही लागण झाली. मी सांगे, हे सगळं कौलांसाठी आहे. तान्हूबाई वर्षातून एकदा लेकीला भेटायला येई आणि खोडावरून हात फिरवून वाळली का भरली ते सांगे.

चौथ्या वर्षी झाडाला पहिली फळं धरली. धरली ती वैशाखात. वैशाखात! त्या महिन्यात टेकडीवर खायला इतकं होतं की वानरं अर्धवट चावून फेकून देत होती. अण्णांनी फळ्यावर 'चुकीच्या पाळीला हजर' असा शेरा लिहिला. पुढल्या वर्षीही तेच. मी म्हटलं, "अण्णा, इथल्या इतर उंबरांच्या संगतीनं बिघडली असेल." ते माझ्यावर इतके उखडले की मी तसं पुन्हा बोललो नाही. तान्हूबाईनं मात्र जराही काळजी केली नाही. "नवी सून हाय," ती म्हणाली. "बुजलीया. जरा रुळू द्या, म्हायेरची सवय यील म्हागारी."

तोवर लढाई सुरू झालेली. घाटातून गोऱ्या सोल्जरांनी भरलेल्या गाड्या जात, रॉकेल मिळेनासं झालं, कौलंही महागली. फळ्यावर भाद्रपद कोराच होता आणि काकू कुंपणाच्या आतच होत्या. अण्णा थकत चालले होते. टेकडी चढताना आता ते दोनदा बसत. एकदा मला म्हणाले, "माझी पाळी संपत आली हो. एवढं एक राहून जाईलसं वाटतं."

त्या वर्षी भाद्रपदात गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी जागा झालो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, छपरावर आवाज नव्हता. महिना निम्मा होत आला होता आणि एक कौल फुटलं नव्हतं. मी तसाच टेकडीकडे धावलो. अण्णा आधीच तिथे होते. उंबर खोडापासून लाल झाला होता. वर वीस-पंचवीस वानरं जेवायला बसली होती आणि खाली अण्णा भिजत उभे होते.

"अण्णा! फळ्यावर लिहा चला!"

ते हलले नाहीत. म्हणाले, "हिला सांगा."

"तुम्ही सांगा की. तुमचंच काम ते."

"मला नाही जमायचं," ते म्हणाले. मी मुकाट्यानं खाली आलो.

काकू चुलीपुढे बसल्या होत्या. मी दारातूनच म्हटलं, "काकू, भाद्रपदाला उंबर पिकलाय."

त्यांनी हातातला पळा खाली ठेवला. भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. इतकी वर्षं शेजारी राहिलो, पण त्या माझ्याशी सलग एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

"आम्ही घाटातल्या केबिनीवर होतो ना, तेव्हाची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झालेली. आता सासरी असलेल्या आमच्या कुसुमच्या वेळी पाचवा महिना होता मला. भाद्रपदात दोन्ही बाजूंनी दरड आली. मध्ये आमची केबिन. शिधा खंडाळ्याहून यायचा, तो बंद. दोन दिवस घरातलं पुरलं, मग काही नाही. मी म्हटलं, चालत जाऊन कुठून काही आणा. तर हे म्हणाले, ड्यूटीवर आहे. गाडी यायचीच नव्हती हो, रूळच नव्हते. तरी यांची ड्यूटी सुटेना."

त्या जराशा हसल्या.

"केबिनीमागे एक उंबर होता. त्यावर वानरं यायची. ती अर्धं खायची, अर्धं खाली टाकायची. मी पदर पसरून खाली उभी राहायची. पाच दिवस मी, हे आणि पोटातली कुसुम, वानरांचं उष्टं खाऊन जगलो. पुढे दोन वर्षांनी त्या झाडाची फांदी सिग्नलच्या तारेला लागायला लागली. यांनी तसं वर लिहून कळवलं. यांचं कामच होतं ते. माणसं आली, त्यांनी फांदी नव्हे, अख्खं झाड तोडलं. भाद्रपदच होता. वानरं तीन दिवस येऊन त्या बुंध्याभोवती बसत होती. मी यांना एवढंच विचारलं, आता ही कुठं जेवणार? त्यावर हे काही बोलले नाहीत. मीही पुन्हा बोलले नाही. तीस वर्षं झाली असतील."

मला आता सगळं उमगलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी या बाईला नवऱ्याच्या वेडाला विटलेली समजत होतो. तिनं एक प्रश्न विचारला होता आणि तो माणूस एवढी वर्षं त्याचं उत्तर लावत होता. उत्तर पुरं झाल्याशिवाय ते बघायला जायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

काकू उठल्या. तोंड धुतलं, कुंकू सारखं केलं, हळदीकुंकवाला जाताना नेसत ते लुगडं नेसून आल्या. कुंपणाशी क्षणभर थांबल्या आणि मग पलीकडे पाऊल टाकलं. वाट निसरडी होती म्हणून मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

अण्णा तसेच उभे होते. काकूंनी वर पाहिलं, बराच वेळ पाहत राहिल्या. वानरं आपल्या नादात होती. टपकन एक अर्धं उंबर खाली पडलं, मग दुसरं. काकू फांदीखाली गेल्या आणि त्यांनी पदर पसरला.

ज्या बाईच्या स्वयंपाकघरात माझ्या बायकोलाही पाय धुतल्याशिवाय शिरता येत नसे, तिनं पदरातलं ते वानरानं चावलेलं उंबर उचललं, उलगडलं, फुंकर मारून आतली चिलटं उडवली आणि तोंडात टाकलं. डोळे मिटून चावलं. मग दुसरं उचललं आणि अण्णांपुढे धरलं.

"घ्या. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या."

अण्णांनी ते घेतलं, पण त्यांना खाता येईना. हातात धरून लहान मुलासारखे मुसमुसू लागले. मी दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

"खा हो," काकू मागून म्हणाल्या. "वानरांतलं कोणी बघत असेल, तर तुम्हाला आवडलं नाही असं वाटायचं त्याला."